निळा दोरा वर, तपकिरी खाली

पडदेबाईंच्या घरात मिस्त्रींचा आवाज आता एका कॅसेटमध्ये तेवढा उरला होता, आणि तोही दिवसेंदिवस विरत चालला होता.

मिस्त्री म्हणजे त्यांचे मिस्टर. एकतीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या त्यांनी. लिफ्ट एकदा वर जाऊन खाली आली की हे तळमजल्यावर उभ्या उभ्या सांगायचे, चौथ्या मजल्यावर दोर घासतोय, दुसऱ्यावर दाराच्या चाकात काहीतरी अडकलंय. कामावरची माणसं त्यांना नावानं हाकच मारायची नाहीत. ‘कान आले का?’ असंच विचारायची. दोन वर्षांपूर्वी मिस्त्री गेले. बाईंच्या हाताखाली शिवणयंत्र होतं, समोर कुणाच्या तरी दिवाणखान्याचे पडदे होते, म्हणून त्या उभ्या राहिल्या, एवढंच म्हणायचं.

फोटो पेटीभर होते. पण फोटोतले मिस्त्री गप्प उभे असायचे, आणि गप्प मिस्त्री म्हणजे मिस्त्रीच नव्हेत. घरात शिरल्यापासून त्यांची टकळी सुरू. तेव्हा बाई म्हणायच्या, “अहो, जरा श्वास घ्या!” आता घर इतकं शांत झालं होतं की दुपारी पडदा हलला तरी बाई मागे वळून बघायच्या.

कॅसेट सापडली ती रंगकामाच्या वेळी. कपाट ओढलं, मागचा खण उघडला, आणि मिस्त्रींच्या लोकरी मोज्याच्या एका पायात काहीतरी चौकोनी लागलं. मोजा उलटा केला. कॅसेट. तिच्यावर मिस्त्रींचं तिरकं अक्षर : ‘चाचणी’. बाई मोजा हातात घेऊन रंगाच्या डब्यांमध्येच खाली बसल्या. ही कॅसेट तर एकोणीस वर्षांपूर्वीच हरवली होती! निदान मिस्त्रींनी तसं सांगितलं होतं.

रंग वाळला, सामान जागेवर गेलं. स्पीकर जोडून द्यायला लेकीचा नवरा आला. जावई वायरमन, मोठमोठ्या इमारतींचं वायरिंग करणारा, हाताचा अगदी नीटस. लोंबती वायर दिसली की त्याला जेवण गोड लागत नाही. तासाभरात सगळं जोडून, भिंतीकडेने वायरी सरळ बसवून तो गेला. बाईंनी दार लावून घेतलं, कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

मिस्त्री बोलले. पण कसे? जाड गोधडी डोक्यावरून घेऊन बोलावं तसे. हुं हुं, घुं घुं. शब्द कळत होते, पण त्यांच्या कडा गेल्या होत्या. मध्ये मध्ये बासरी होती, तीसुद्धा रिकाम्या बाटलीत फुंकल्यासारखी. आणि मध्ये मध्ये नुसत्या रिकाम्या जागा, जिथे काहीच नव्हतं. पुसली असेल टेप तिथे, बाईंना वाटलं. इतकी वर्षं मोज्यात पडून राहिल्यावर दुसरं काय होणार?

दुसऱ्यांदा लावली तेव्हा आवाज आणखी जाड वाटला. तिसऱ्यांदा आणखी. बाईंनी घाबरून लेकीला फोन केला.

“अगं आई, जुन्या टेपा झडतात,” लेक म्हणाली. “प्रत्येक वेळी वाजवलीस की थोडी थोडी पावडर निघते. सारखी सारखी लावू नकोस.”

झालं. म्हणजे आपण ऐकतोय आणि ऐकता ऐकताच मिस्त्रींना झिजवतोय! तेव्हापासून त्यांनी हात आखडता घेतला. आधी दर रविवारी चार वाजता एकदा. मग महिन्याच्या पहिल्या तारखेला. मग गेले सात आठवडे एकदाही नाही. कॅसेट पुन्हा मोज्यात, मोजा उशीखाली. दुसरं काही त्या लावतही नव्हत्या. मिस्त्री गेल्यापासून गाणं कानावर आलं तरी त्यांना नको व्हायचं, त्याच स्पीकरांवर वाजणारा रेडिओसुद्धा बंद. त्यामुळे स्पीकर मुके होते, आणि त्यांच्यात काही बिघडलंय हे कळायला मार्गच नव्हता.

दुपारी काम हातावेगळं झालं की बाई खिडकीशी आडव्या व्हायच्या. कापडाच्या ढिगावर ऊन पडलेलं असायचं. ते हळूहळू सरकत टेबलाच्या पायाशी जायचं, तिथून मिस्त्रींच्या खुर्चीवर चढायचं, जरा वेळ बसायचं आणि निघून जायचं. भिंतीपलीकडे इमारतीची लिफ्ट वर जायची, खाली यायची, वर जायची. अर्ध्या झोपेत बाईंना नेहमी एकच स्वप्न पडायचं. मिस्त्री लिफ्टमध्ये आहेत आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबलीय. दाराच्या फटीतून त्यांचे बूट तेवढे दिसतायत. ते काहीतरी सांगतायत, अगदी महत्त्वाचं, हात हलवून हलवून. आणि बाईंना ऐकू येतंय ते फक्त घुं घुं. “अहो, जरा मोठ्यानं!” त्या ओरडायच्या. लिफ्ट मग सावकाश वर निघून जायची. बूट जायचे. बाई जाग्या व्हायच्या तेव्हा ऊन खुर्चीवरून उतरलेलं असायचं.

हे काही खरं नाही, असं एक दिवस त्यांच्या मनानं घेतलं. कॅसेट जाणार तर जाणार, पण मरण्याआधी माणसाला डॉक्टर तरी दाखवतात की नाही? मोजा पिशवीत घालून त्या बाजारातल्या टेपवाल्याकडे गेल्या.

टेपवाला जिन्याखालच्या दुकानात बसायचा. दुकान इतकं चिंचोळं की गिऱ्हाईक आलं की त्याला स्वतःला आत सरकावं लागायचं. रेडिओ, घड्याळं, पंखे, सगळं उघडून ठेवलेलं. बाईंनी मोज्यातून कॅसेट काढली तेव्हा त्याच्या भुवया वर गेल्या. वाजवून बघायला म्हणून त्यानं यंत्राचं झाकण उघडलं.

“थांबा!” बाईंनी त्याचा हात धरला. “वाजवायची नाही.”

“मग?”

“नुसती बघा.”

“बाई, आंबट की गोड ते नुसतं बघून कसं सांगू मी?”

“ते मला माहीत नाही. पावडर झडते तिची. मिस्टरांचा आवाज आहे त्यात, दुसरा कुठे नाही.”

टेपवाल्यानं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग भिंग डोळ्याला लावलं, पेन्सिल घालून टेप जराशी फिरवली, उजेडाकडे धरली, आणखी फिरवली. बराच वेळ तो आणि ती तपकिरी पट्टी असे दोघंच होते. बाहेर रहदारी चालली होती आणि बाई मोजा घट्ट धरून उभ्या होत्या.

“ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “कुठे झडली नाही, पुसली नाही. फार वाजवलेलीसुद्धा दिसत नाही. आवाज कसा येतो म्हणालात?”

“गोधडीतून बोलल्यासारखा.”

“स्पीकर कुठले?”

बाईंनी हातानं उंची दाखवली. “एवढे मोठे. वर एक छोटा गोल, खाली एक मोठा. दोन स्पीकरांना चार वायरी होत्या पूर्वी. आता दोनच आहेत. जावयानं जास्तीच्या काढून टाकल्या.”

“काढून टाकल्या?” टेपवाला खुदकन हसला. “आणि मागच्या पितळी पट्ट्या? वरच्या आणि खालच्या नटांना जोडणाऱ्या?”

“पट्ट्या...” बाई म्हणाल्या, आणि त्यांचे कान गरम झाले. पट्ट्यांचं नाव निघालं की गेली एकोणीस वर्षं त्यांचे कान गरम व्हायचे. “त्या तर केव्हाच काढल्यात.”

“मग बरोबर आहे. घरी जा, रेडिओ लावा आणि त्या वरच्या छोट्या गोलाला कान लावा. काही ऐकू आलं तर मला नाव बदलायला सांगा.”

वाटेत बाईंचं पायांकडे लक्ष नव्हतं. पट्ट्या. त्या पट्ट्यांची गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती, लेकीलासुद्धा नाही.

स्पीकरचं असं असतं की वरचा छोटा बारीक आवाज काढतो आणि खालचा मोठा जाड आवाज काढतो. एका स्पीकरला एक वायर पुरते, कारण मागे दोन पितळी पट्ट्या असतात, त्या वरच्याला आणि खालच्याला जोडून ठेवतात. पण मिस्त्रींनी कुठेतरी वाचलं की पट्ट्या काढाव्यात आणि वरच्याला वेगळी वायर, खालच्याला वेगळी वायर द्यावी. याला म्हणतात बायवायरिंग. आवाज मोकळा होतो म्हणे! झालं, मिस्त्रींच्या डोक्यानं घेतलं. अ‍ॅम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन दोन वायरी त्यांनी ओढल्या. गोंधळ नको म्हणून बाईंच्या डब्यातला दोरा घेऊन टोकांना खुणा बांधल्या. वरच्या वायरीला निळा, खालच्या वायरीला तपकिरी.

“वर आकाश, खाली माती,” ते म्हणाले होते. “आता तरी चुकणार नाहीस ना?”

“मी कशाला चुकेन? मी हातच लावणार नाही. दोनाच्या जागी चार वायरी केल्यात खऱ्या, पण ऐकणारे कान दोनच ना?”

“फरक कळतो मला.”

“कळतो म्हणे!”

इथपर्यंत थट्टाच होती. पण त्याच वर्षी कामावर एक नवा इंजिनिअर आला, हातात मावेल एवढं यंत्र घेऊन. लिफ्टला यंत्र लावलं की पडद्यावर रेघा उमटायच्या आणि घासतंय कुठे ते दिसायचं. सहाव्या मजल्यावरची एक खरखर यंत्राला कळली आणि मिस्त्रींना कळली नाही. मिस्त्री त्या दिवशी घरी आले ते गप्पच. हात धुता धुता, मागे न वळता म्हणाले, “कान गेले वाटतं माझे.” एवढंच. बाईंच्या मनात आलं, त्या माणसाचे कान गेले म्हणजे त्याचं सगळंच गेलं की!

पुढच्या रविवारी मिस्त्रींनी चाचणी ठरवली. निमित्त वायरींचं होतं, पण परीक्षा कानांची आहे हे बाईंना समजत होतं. बाईंनी नुकताच शिवलेला सभागृहाचा जाड पडदा खोलीत मधोमध दोरीवर कड्यांनी अडकवला. एका बाजूला मिस्त्री खुर्चीवर, शेजारच्या टेबलावर पुरावा म्हणून टेपरेकॉर्डर चालू. दुसऱ्या बाजूला बाई, स्पीकरांच्या मागे जमिनीवर. बाईंनी बासरीची रेकॉर्ड लावायची. मिस्त्रींनी ओळखायचं, चार वायरी की दोन. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करायचा, कारण चालू यंत्राच्या वायरीला हात लावणं मिस्त्रींना पाप वाटायचं. मनात येईल तसं एक तर पट्ट्या लावून दोन वायरींवर आणायचं, नाहीतर पट्ट्या काढून चार करायच्या. असं दहा वेळा. बाईंनी मोजून खरं काय ते सांगायचं.

आता त्या आठवड्यात बाईंचा उजवा गुडघा ठणकत होता. पट्ट्या डाव्या हातात घेऊन त्यांनी पहिल्या नटाला हात घातला. नट जागचा हलेना. जोर केला तर अंगठ्याचं नख तुटलं. ‘मरू दे!’ बाई मनात म्हणाल्या. त्यांनी पट्ट्या बटणांच्या डब्यात टाकल्या, अ‍ॅम्प्लिफायर टक् करून बंद केला, जरा वेळ बसल्या, टक् करून चालू केला आणि बासरी लावली. दहाही वेळा तेच. दहाही वेळा चारच वायरी होत्या.

पडद्यापलीकडून मिस्त्री सांगत होते. “चार.” “चार.” “चार.” “दोन.” “चार...” बाई बोटांवर मोजत होत्या. सहा वेळा चार, चार वेळा दोन. म्हणजे दहात चार चुका, आणि त्याही काहीच बदललेलं नसताना! खरं सांगावं तर उद्या हा माणूस कामावर कोणत्या तोंडानं जाणार?

बाई पडद्याबाहेर आल्या आणि ठणकावून म्हणाल्या, “दहापैकी नऊ!”

मिस्त्रींचा चेहरा असा काही उजळला की बाईंना खोटं बोलल्याचं वाईटही वाटेना. दुसऱ्या दिवशी ते शीळ घालत कामावर गेले. ‘ऐकवा की ती टेप,’ असं दोस्तांनी म्हटल्यावर मात्र हरवली म्हणाले. आणि त्या चार वायरी घरात राहिल्या त्या राहिल्याच. एकोणीस वर्षं बाईंनी त्यांच्याखालचा केर काढला, आणि दर वेळी मनात म्हटलं, असू देत, माझ्याच तोंडानं नऊ म्हटलंय ना!

घरी येऊन त्यांनी चपलासुद्धा नीट काढल्या नाहीत. रेडिओ लावला. कुणीतरी बातम्या सांगत होतं, गोधडीतूनच. म्हणजे हाही? बाई गुडघ्यावर बसल्या आणि वरच्या छोट्या गोलाला कान लावला. काही नाही. गार जाळी कानाला लागली, बस्स. दुसऱ्या स्पीकरला लावला. तिथेही काही नाही. घरातला निम्मा आवाज गेले कित्येक महिने बाहेरच उभा होता आणि त्याला आत यायला वाट नव्हती.

त्यांनी लेकीच्या नवऱ्याला फोन लावला.

“जावईबापू, त्या जास्तीच्या वायरी कुठे ठेवल्यात?”

“खालच्या खणात, आई. गुंडाळून, बांधून. का हो?”

“काढल्यात कशासाठी?”

“अहो, दोन्ही एकाच ठिकाणाहून निघतात आणि एकाच स्पीकरला जातात. डबल काम. मी म्हटलं, बाबांनी एक राखीव टाकून ठेवली असेल.” मग त्याच्या आवाजात धास्ती आली. “काही चुकलं का माझं?”

बाईंना त्याच्यावर रागवायचं होतं. पण वायरमनच तो, त्याला राखीव वायर दिसणार नाही तर काय दिसणार? “नाही हो,” त्या म्हणाल्या. “काम छानच केलंत. जरा जास्तच छान केलंत.”

खणात दोन वेटोळी होती, नवी असल्यासारखी घट्ट बांधलेली. टोकांना निळा दोरा तसाच. बाईंनी बोटानं चाचपला. गाठ त्यांचीच, पडद्याच्या घडीला टाकतात ती; मिस्त्री त्यांच्याकडूनच शिकले होते. शेजारी बटणांचा डबा होता. त्यात तळाशी चार पितळी पट्ट्या निघाल्या, अजून चकचकीत. पट्ट्या लावल्या तरी काम भागलं असतं. दोन वायरींवर सगळं वाजलं असतं, आणि फरक कुणाच्या बापाला कळला नसता. बाईंनी पट्ट्या तळहातावर घेतल्या, क्षणभर तोलल्या आणि परत बटणांत टाकल्या. मिस्त्रींनी चार म्हटल्या म्हणजे चार.

अ‍ॅम्प्लिफायर आधी बंद केला. मग स्पीकरच्या मागे, एकोणीस वर्षांपूर्वी बसल्या होत्या तिथेच त्या बसल्या. या वेळी नख लावलं नाही, रुमाल घेतला. नट कुरकुरला आणि फिरला. निळा दोरा वर. लाल टोक लाल नटाला, काळं काळ्याला. तपकिरी खाली होताच. मग दुसरा स्पीकर. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे निळी आणि तपकिरी वायर शेजारी शेजारी एकाच भोकात. त्यांना तासभर लागला असेल. खिडकीतलं ऊन तोवर टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं.

मोज्यातून कॅसेट काढून त्यांनी आत घातली. बटण दाबलं.

आधी टेपची सूं आली, पीठ चाळताना येते तशी बारीक. गेल्या महिन्यांत ती कधी ऐकूच आली नव्हती. मग खुर्ची करकरली. मग मिस्त्री खाकरले, आणि बाईंनी डोळे मिटून घेतले. ते खाकरणं खोलीत झालं होतं. गोधडी नाही, बाटली नाही, खुर्चीपाशी, तिथे.

“तयार? लाव!” मिस्त्री म्हणाले. सगळ्या कडा जागच्या जागी होत्या. दातांच्या फटीतून निघणारी ती शीळसुद्धा.

बासरी झाली. “चार,” मिस्त्री म्हणाले. अ‍ॅम्प्लिफायर टक् करून बंद झाला. आता ती रिकामी जागा, बाईंना वाटलं.

जागा रिकामी नव्हती. अगदी जवळून, टेपरेकॉर्डरला तोंड लावल्यासारखी, नुसत्या श्वासाची कुजबूज आली :

“पट्टीचा आवाज नाही आला.”

बाईंनी डोळे उघडले.

टक्. बासरी. “चार!” टक्. आणि पुन्हा कुजबूज. “परत नाही. नटसुद्धा फिरला नाही.”

बासरी. टक्. “ही नुसती बसलीय.” आणि तोंडावर हात ठेवून दाबलेलं हसू.

ऊन खुर्चीवर चढत होतं, पडदा हलत होता, आणि मिस्त्री हळूच, कुणाला कळू न देता, एकोणीस वर्षांमागून त्यांच्याच चुगल्या करत होते.

“बसू दे. गुडघा दुखतोय तिचा. सकाळपासून उजवं पाऊल हलकं पडतंय.”

बासरी. “दोन!” टक्. “मध्ये मध्ये दोन म्हणतो, नाहीतर तिला संशय येईल.”

बासरी. टक्. नुसता श्वास. मग :

“म्हणजे कान शाबूत आहेत माझे. पलीकडे काही होत नाहीये, तेसुद्धा ऐकू येतंय की. सहाव्या मजल्याच्या दिवशी सर्दी होती बहुतेक.”

बाई रडत होत्या. हसतही होत्या, दोन्ही एकदमच, आणि नाक कशाला पुसावं ते न कळून मोज्याला पुसत होत्या. आपण नऊ म्हटलं म्हणून यांची मान ताठ राहिली, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. आणि हा माणूस! आपण सांगितलेला तो लटका नऊचा आकडा यानं खिशात ठेवला आणि वर आपल्यालाच पुरतं जपलं. टेप मोज्यात लपवली. आपलं खोटं उघडं पडू नये म्हणून चार वायरी मरेपर्यंत तशाच वागवल्या!

शेवटची बासरी थांबली. टक्.

“आता गुडघा वाजेल,” मिस्त्री कुजबुजले. “उठेल. दहा म्हणायची नाही ती. नऊ म्हणेल. हुशार आहे.”

आणि टेपमध्ये, पडद्यापलीकडे, लांबवर, खरोखरच बारीकसा आवाज झाला. कट्ट. मग पडद्याच्या कड्या सरकल्या आणि बाईंचा स्वतःचा, एकोणीस वर्षांनी तरुण, धिटाईचा आवाज आला :

“दहापैकी नऊ!”

“बघ!” मिस्त्री मोठ्यानं म्हणाले. “मी म्हटलं नव्हतं?”

टेप संपली. सूं थांबली. भिंतीपलीकडची लिफ्ट वर आली, त्यांच्याच मजल्यावर थांबली, दार उघडलं, मिटलं.

“लबाड!” बाई खुर्चीकडे बघत म्हणाल्या. “अहो, केवढे लबाड तुम्ही!”

मग कॅसेट पुन्हा लावायची म्हणून त्या उठल्या. पावडर झडली तर झडू दे. आता ती रोज चार वाजता लागणार होती. जमिनीला हात टेकून उजव्या पायावर भार दिला तसा गुडघा कट्ट करून वाजला.

बाई अर्ध्या उठलेल्या तशाच थांबल्या.

“ऐकलंत ना?” त्या म्हणाल्या.